उजेड पायावर

माझ्या तोंडावर आयुष्यात एकदाच कोणी बॅटरी मारली. रविवारी सकाळी दहा वाजता, पंचवीस माणसांच्या देखत. त्या पंचवीसांत माझी आई होती. मारणारा माणूस असा, की त्याने पस्तीस वर्षांच्या नोकरीत एकाही प्रेक्षकाच्या तोंडावर उजेड मारला नव्हता. हा मान एकट्या मला मिळाला. तेव्हा मी असा काही भडकलो, की घरी येईपर्यंत रस्ताभर एकटाच बडबडत होतो. आता वाटतं, त्यांनी फारच उशीर केला. माझ्यासारख्याच्या तोंडावर बॅटरी दोन वर्षं आधीच मारायला हवी होती.

ते लालबागच्या एका सिनेमा थिएटरात डोअरकीपर होते. आमच्याच चाळीत, दुसऱ्या माळ्यावर राहायचे. मूळचे मालवणकडचे. सगळे त्यांना बॅटरीवाले म्हणायचे, आणि मी बॅटरीकाका. चाळ पडली, तिच्या जागी टॉवर उभा राहिला, आम्ही अठराव्या मजल्यावर गेलो आणि ते चौथ्या. निवृत्त होऊन वीसेक वर्षं झाली असतील, पण बॅटरी सुटली नाही. तीन सेलची, स्टीलची, जागोजागी पोचे आलेली. काचेवर निळा कागद चिकटवलेला आणि मधोमध चार आण्याएवढं भोक, म्हणजे उजेड नेमका तेवढाच पडावा. भर दुपारी रेशनच्या रांगेतही ती त्यांच्या हातात असायची.

त्यांची चाल मी आजही करून दाखवू शकतो. एक पाऊल पुढे, अंग तिरकं, एक हात मागे, त्या हातात बॅटरी, म्हणजे मागून येणाऱ्याला पायरी दिसावी. सवय अशी मुरलेली की बायकोबरोबर कोथिंबीर आणायला निघाले तरी तसेच तिरके. ती बिचारी संसारभर नवऱ्याच्या मागून कुठल्यातरी सीटकडे चालत राहिली. आणि जिथे चार माणसं जमली तिथे हे त्यांना जागेवर बसवायला लागायचे. बारसं असो, बारावं असो, सोसायटीची मीटिंग असो. "मधे जागा आहे, आत सरका." स्वतःच्या मुलीच्या लग्नात भटजी "मुलीचे वडील कुठे आहेत?" म्हणून घसा फोडत होते, आणि मुलीचे वडील हॉलच्या दाराशी नवऱ्यामुलाच्या मावशीला तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची देत होते. सगळे बसल्याशिवाय बसायचं नाही, हा त्यांचा नियम. आणि सगळे कधीच बसलेले नसतात, त्यामुळे त्यांना बसलेलं मी फार कमी पाहिलं.

दुसरा नियम उजेडाचा. कॉलेजात असताना मी एकदा त्यांची बॅटरी हातात घेऊन उगाच भिंतीवर, मित्राच्या तोंडावर नाचवत होतो. त्यांनी ती शांतपणे काढून घेतली.

"उजेड पायार मारूचो," ते म्हणाले. "तोंडार मारलंस काय माणूस चोर दिसता."

"आणि खरंच चोर असला तर?"

"असलो तरी तो पिक्चर बघूक इलेलो आसा."

पिक्चर मात्र त्यांनी स्वतः एकही धड पाहिला नव्हता. सुरुवात उशिरा येणाऱ्यांना जागा दाखवण्यात जायची, मग ते बाहेर, आणि शेवटची पाच मिनिटं दारं उघडायला पुन्हा आत. हजारो सिनेमांचे शेवट त्यांना पाठ होते आणि एकाचंही कथानक माहीत नव्हतं. शेवट ते कोणाला सांगायचे नाहीत. चाळीच्या गणपतीत एकदा रामायणावर प्रवचन होतं, तेव्हा बुवा पुढचं सांगायला लागले तसे हे मागून "श्श, सांगू नका" म्हणाले होते. पिक्चर चांगला की वाईट हे ते वड्यांवरून ओळखायचे. इंटरव्हलच्या आधीच लोक वडे खायला बाहेर आले तर पिक्चर पडला. वडे थंड झाले तर चार आठवडे नक्की. मी बँकेत पस्तीस वर्षं काढली, शेअर बाजारावर पुस्तकं वाचली, पण माझा एकही अंदाज त्यांच्या वड्यांइतका खरा ठरला नाही.

मी बारावीला होतो तेव्हा कॉलेज बुडवून त्यांच्याच थिएटरात मॅटिनीला जायचो. स्वतःच्या चाळीतल्या माणसाच्या थिएटरात जाऊन कॉलेज बुडवणारा मूर्ख मी एकटाच असेन. पण त्यांनी घरी चुगली केली नाही. फक्त मी उजवीकडे वळलो की त्यांची बॅटरी आडवी यायची.

"थय नको. थय ढेकूण आसत."

मग मी मुकाट डावीकडे. पूर्ण टर्मभर उजवीकडे ढेकूण. मला आश्चर्य वाटायचं की थिएटरचे मालक औषध का मारत नाहीत. एकदा तर मालकांना पत्र लिहायला बसलो होतो. लिहिलं नाही, कारण खाली सही करावी लागली असती.

आता माझ्याविषयी. हे सांगायचं टाळता आलं असतं तर बरं झालं असतं, पण गोष्टीतला खलनायक मीच असल्यामुळे इलाज नाही.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी अभ्यासक झालो. कसा झालो, ते मलाही नीट सांगता येणार नाही. सोसायटीच्या स्मरणिकेत 'आमचा परिसर' म्हणून एक लेख लिहिला, तो कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला, आणि बोरिवलीच्या एका बाईंचा फोन आला, "तुम्ही हेरिटेज वॉक घेता का?" मी "हो" म्हणालो. त्यानंतर हॅट घेतली, कमरेला लटकवायचा छोटा स्पीकर घेतला, आणि 'गिरणगावाची करमणूक' असं फलकावर लिहून दर रविवारी सकाळी परळच्या नाक्यावर उभा राहू लागलो. बायको म्हणाली, हॅटमध्ये तू क्रिकेटचा अंपायर दिसतोस. मी ती काढली नाही.

सांगण्यासारखं मात्र खूप होतं, यात माझं काही कर्तृत्व नाही. आमच्या भागाची करमणूक गिरण्यांच्या भोंग्यावर चालायची. शो सुटायच्या वेळा पाळ्यांच्या वेळांशी बांधलेल्या. रात्रपाळी करून आलेले लोक मॅटिनीचं तिकीट काढून गार हवेत झोपायचे, कारण दहा बाय दहाच्या खोलीत दिवसा झोपायला जागा नसायची. मैदानावर दशावतार व्हायचे, कोकणातल्या गावमंडळांची नमनं व्हायची, सर्कशीचा तंबू पडायचा. तमाशाचं थिएटर होतं, तिथे शिट्ट्यांनी छप्पर उडायचं. कामगार स्वतः नाटकं बसवायचे. मागावरचा साचेवाला राजा व्हायचा आणि त्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, प्रधान, आणि दुसऱ्या दिवशी गिरणीच्या खात्यात राजाला प्रधानाच्या शिव्या खाव्या लागायच्या. गणपतीत रस्त्यावर पांढरं कापड बांधून पिक्चर दाखवायचे. आम्ही पोरं कापडाच्या मागे बसायचो, त्यामुळे आमच्या लहानपणीचे सगळे हिरो डावखुरे. पिला हाऊसच्या जुन्या थिएटरांतली नाटकं आणि तमाशे जुन्या लोकांच्या तोंडी होते, गिरगावच्या लोकांना संगीत नाटकांचा अभिमान होता, पण इकडे एका मैलात हे सगळं एकमेकांना खेटून होतं. मी हे सांगायचो आणि वॉक लालबागच्या चिवडा गल्लीत संपवायचो. हातात चिवड्याचं पाकीट असलेला माणूस इतिहासाविषयी फार प्रश्न विचारत नाही, हा माझा अनुभव आहे.

जिथे माहिती कमी पडे तिथे मी पदरचं घालायचो. त्यातलं सर्वात गाजलेलं म्हणजे कमानीची खिडकी. एका जुन्या भिंतीत दगडी कमान शिल्लक होती. तिथे थांबून, आवाज खाली आणून मी सांगायचो, "ही त्या काळातली तिकीटखिडकी. विचार करा, किती हातांनी या दगडाला स्पर्श केला असेल!" लोक दगडावर हात ठेवायचे. फोटो काढायचे. एका मुलीने गाल टेकवून फोटो काढला होता.

बॅटरीकाका एका रविवारी सहज मागे येऊन उभे राहिले. सगळं ऐकून घेतलं. लोक पुढे गेल्यावर माझ्या कानाशी येऊन, ते नेहमी बोलायचे तसं अंधारातल्या आवाजात म्हणाले, "ती खिडकी नाय रे. ती मुतारी होती."

मी जवळजवळ दोन वर्षं माणसांना मुतारीच्या भिंतीवर हात ठेवायला लावत होतो. ज्या मुलीने गाल टेकवला होता तिचा नंबर माझ्याकडे होता, पण फोन करण्याचं धाडस झालं नाही. त्यांनी मला चारचौघांत पाडलं नाही, हे मात्र लक्षात ठेवायला हवं होतं. उजेड पायावर मारला. मी ते लक्षात ठेवलं नाही.

उलट त्या दिवसापासून त्यांच्याकडे जाऊन बसायला लागलो. टॉवरच्या खाली एक बाक आहे, तिथे मी बसायचो, ते उभे राहायचे. मी वही काढून विचारायचो, काका, थिएटरात कोण कोण यायचं? पुढारी यायचे? नट्या यायच्या? कोणाबरोबर यायच्या? ते म्हणायचे, "काळोखात बघितलेला उजेडात सांगूचा नाय." आणि लिफ्टकडे जाणाऱ्यांना रांगेत उभं करायला निघून जायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला भाव खायचाय.

एकदाच त्यांनी आपणहून काही सांगितलं.

"एक माणूस होतो," ते म्हणाले. "संप मोडलो, गिरणी अर्धीमुर्धी चालू झाली त्या साली. ह्याका परत घेतल्यान नाय. पण घरात सांगितल्यान, घेतलंय म्हणून. रोज सकाळी डबो घेऊन भायर पडायचो. जातलो खंय? उन्हात फिरायचो. एकदा मी बोलवलंय, म्हटलंय आत येऊन बस. तिकीट बिकीट काय नाय. मालकाक कळला असता तर माझी नोकरी गेली असती. मॅटिनी सुरू झाली काय यायचो, मांडीवर डबो घेऊन बसायचो. पाच म्हयने."

एवढं बोलून ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. नेहमी माणसाच्या पायांकडे बघून बोलणारा माणूस तोंडाकडे बघतो म्हणजे त्याला काहीतरी हवं असतं, इतकं तरी मला कळायला हवं होतं. मी काय केलं? मांडीवर थाप मारली आणि म्हणालो, "काका, कसला भारी नमुना हो! हे द्या मला, वॉकमध्ये वापरतो." आणि वहीत लिहून घेतलं.

त्यांनी माझ्या वहीकडे बघितलं. बॅटरी एकदा लावली, एकदा विझवली आणि वर गेले.

डब्याचा माणूस माझ्या वॉकचा हुकमी एक्का ठरला. मी त्याला फुलवला. थिएटरसमोरच्या पायरीवर बसून साभिनय करायचो. मांडीवर काल्पनिक डबा. डब्याची कडी मोडलेली म्हणून त्याला सायकलच्या ट्यूबचं रबर. हे रबर मी त्याला दिलं, कारण आमच्या भागात निम्म्या डब्यांना असायचं. इंटरव्हलला तो रबर काढतो, ते फट्ट वाजतं, पूर्ण थिएटर दचकून मागे बघतं. तो पंख्याखाली घोरतो. आणि झोपेतून उठून शेजारच्याला विचारतो, "पाळी सुटली काय?" इथे लोक हमखास हसायचे. एका तरुणाने त्याचं रील केलं, ते हजारो लोकांनी पाहिलं म्हणे. मी दिवसातून चार वेळा ते उघडून आकडा वाढला का बघायचो.

बॅटरीकाका दोनदा माझ्याकडे आले.

"तो डब्याचो माणूस काढून टाक."

"का हो काका? तोच तर हायलाइट आहे."

"लोक हसतत."

"हसायलाच तर सांगतो!"

"माका नको वाटता," ते म्हणाले. दुसऱ्यांदा आले तेव्हा फक्त "काढलंस?" म्हणाले. मी म्हणालो, काका, गोष्ट तुमची, पण रचना माझी आहे. हे वाक्य मी खरोखर म्हणालो. रचना.

मग तो रविवार आला. माझा शंभरावा वॉक. थिएटरच्या मॅनेजरने पहिल्या शोच्या आधी हॉल अर्धा तास उघडून द्यायचं कबूल केलं. थिएटर अजून चालू आहे, डब केलेले पिक्चर लागतात, वीसेक डोकी असतात. मी घरच्यांना बोलावलं. बायकोला 'काम' होतं. आई आली. ऐंशी वर्षांची, गुडघे दुखतात, पण मुलगा भाषण करणार म्हणून नवी साडी नेसून आली. बॅटरीकाका दारात उभेच होते, एकेकाला पायरी दाखवत आत सोडत होते. आईला त्यांनी मधल्या रांगेत कडेला बसवलं.

आत एक्झिटच्या लाल दिव्यांपुरता उजेड. मी पडद्यासमोर एका खुर्चीत बसलो. अंधारात लोक शांत असतात, त्यामुळे मला आपण फार प्रभावी आहोत असं वाटायला लागलं. डबा मांडीवर घेतला. रबर ओढलं. तोंडाने फट्ट आवाज काढला. लोक हसले. घोरलो. लोक आणखी हसले. "पाळी सु—"

आणि माझ्या तोंडावर उजेड आला.

चार आण्याएवढा, निळसर, सरळ डोळ्यांत. मला काही दिसेना. हसू थांबलं. मी हात आडवा धरून म्हणालो, "काका?" उजेड हलला नाही. पाच सेकंद असतील. मला आपण काहीतरी चोरताना सापडलोय असं वाटलं, आणि तेच मला सहन झालं नाही. मग मी माइकवर म्हणालो, "मंडळी, वय झालं की असं होतं. आमच्या काकांचा शो संपला, पण बॅटरी संपत नाही!"

लोक हसले. उजेड विझला. बॅटरीकाका बाजूच्या दाराने निघून गेले. लोक अजून आत होते, आणि ते त्यांना बाहेरचा रस्ता न दाखवता गेले. असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं.

घरी येईपर्यंत मी एकटाच बोलत होतो. म्हाताऱ्याला मानसन्मान द्यायला गेलो तर हा असा, वगैरे. घरी आल्यावर आईने मला पोटमाळ्यावरचा पत्र्याचा डबा काढायला सांगितला. त्यात जुनी भांडी होती. तिने तळातून बाबांचा जेवणाचा डबा काढला. पितळी, तीन पुडांचा. कडी मोडलेली. त्याला सायकलच्या ट्यूबचं रबर, वाळून तुकडे पडलेलं.

तो डबा मी लहानपणी हजार वेळा पाहिला होता. आमच्या परिसराचा मी अभ्यासक.

"तुझे बाबा म्हणाले, गिरणीत परत घेतलं," आई म्हणाली. "पहिल्या दिवशी संध्याकाळी आले. मी सवयीने शर्ट झटकला. कापूस नाही पडला. आधी भुवयांत असायचा, कानात असायचा, घरभर व्हायचा. मी वैतागायचे. त्या दिवसापासून शर्ट स्वच्छ."

"मग तू विचारलं नाहीस?"

"काय विचारायचं? माणूस रोज डबा मागतो, आपण द्यायचा. मी पाच बायांची जेवणं करून देत होते, घर चाललं होतं. वॉचमनची नोकरी लागेपर्यंत पाच महिने ते असं करत होते. मी शर्ट रोज झटकायचे मात्र. नाही झटकला तर त्यांना कळलं असतं मला कळलंय ते."

बाबा जाऊन दहा वर्षं झाली होती. हे दोघं एकमेकांशी याबद्दल एक अक्षर न बोलता अख्खा संसार करून मोकळे झाले, आणि मी स्पीकर लावून ते बोरिवली-ठाण्याच्या लोकांना सांगत होतो, तेही घोरून. मला तिथल्या तिथे रडू आलं. आईला रडण्यात रस नव्हता. तिला वेगळंच विचारायचं होतं.

"इतकी वर्षं मला वाटायचं, कुठे उन्हात बसत असतील, फुटपाथवर. तू म्हणालास खुर्ची होती. पंख्याखाली होते म्हणालास. ते खरं की तुझं पदरचं?"

मी आठवून बघितलं. वही काढली. वहीत 'डबा, मॅटिनी, पाच महिने, भारी नमुना' एवढंच लिहिलं होतं. रबर मी घातलं होतं आणि ते नेमकं खरं निघालं. घोरणं मी घातलं. पाळी मी घातली. पंखा? पंखा कोणाचा होता, ते मला सांगता येईना. आईला साधं हो किंवा नाही हवं होतं आणि माझ्याकडे ते नव्हतं. ते एकाच माणसाकडे होतं आणि त्याच्यावर मी पंचवीस लोकांना हसवलं होतं.

"मी विचारून येतो," मी म्हणालो.

"मी पण येते," आई म्हणाली. "तू परत काहीतरी पदरचं घालशील."

दोन दिवस चौथ्या मजल्यावरचं दार वाजवलं. त्यांची सून म्हणाली, मॅटिनीला जातात ते, अजून रोज, मॅनेजर काही म्हणत नाही. मंगळवारी आईला घेऊन थिएटरात गेलो. तिच्या गुडघ्यांमुळे उशीर झाला. पिक्चर सुरू झाला होता. दार ढकललं तर आत मिट्ट काळोख, पडद्यावर कोणीतरी कोणालातरी मारत होतं. आई उंबऱ्याशी थांबली. तिला पायरी दिसत नव्हती, मलाही नव्हती.

तेवढ्यात आईच्या पायांपुढे उजेड पडला. चार आण्याएवढा.

"पायरी आहे, वहिनी," अंधारातून आवाज आला. "सावकाश."

ते पुढे, तिरके. मागे आई, तिच्या मागे मी. उजेड उजवीकडे वळला आणि माझ्या तोंडून चाळीस वर्षांच्या सवयीने निघालं, "काका, त्या बाजूला ढेकूण ना?"

ते थांबले.

"ढेकूण कधीच नव्हते रे," ते म्हणाले.

मी डावीकडे बघितलं. बारावीचा मी तिकडे बसायचो. मधे फार तर पंधरा खुर्च्या.

त्यांनी आईला उजवीकडच्या कडेच्या खुर्चीत बसवलं. मग बॅटरी वर केली. छताला एक जुना पंखा होता, तो कुरकुर करत फिरत होता.

"हाच?" आईने विचारलं.

"हाच, वहिनी. त्यांना गाढ झोप लागायची."

आई पडद्याकडे न बघता त्या पंख्याकडे बघत बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "आणि ते रबर? फट्ट वाजायचं म्हणाला हा."

"नाही हो. दोन बोटांत धरून हळू सोडायचे," काका म्हणाले. "कोणाला त्रास नको म्हणून."

मी त्यांना काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. चुकलं, असं काहीतरी. ते म्हणाले, "श्श. लोक पिक्चर बघतायत." आणि बॅटरी खाली केली, मला बसायला जागा दिसावी म्हणून.

तेही आता नाहीत, गेल्या वर्षी गेले. माझा वॉक अजून चालतो, थिएटरपाशी मी दोन मिनिटं थांबतो आणि काही सांगत नाही. लोक म्हणतात, तो थांबा जरा बोअर आहे.

त्या मंगळवारी मी आईशेजारी बसलो तेव्हा माझं तोंड कसं झालं होतं, ते कोणाला दिसलं नाही. बॅटरी बराच वेळ चालू होती, आणि पूर्ण वेळ माझ्या पायांवर होती.